मोडशी ते जी-प्रथिन : वऱ्हाडातली पटकी आणि आतड्यातली अडकलेली कडी

(१) वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले कामरगाव हे वऱ्हाडच्या काळ्या मातीतले गाव. ह्या मुलखात एकोणिसाव्या शतकात असा एक आजार येई, की सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस दिवस मावळेपर्यंत सुकून, सुरकुतून मरण पावे. कोणी त्याला पटकी म्हणे, कोणी महामारी, कोणी जरीमरी. माणूस नेमका कशाने मरतो, ह्या प्रश्नाचे उत्तर पुढे एका प्रथिनातल्या एका बिंदूवर सापडले. हा धागा त्या शोधाच्या प्रवासाचा आहे.

(२) आजाराचे एक जुने नाव मराठी-कोंकणीच्या घरातलेच आहे : मोडशी. ‘मोडणे’ ह्या धातूशी त्याचे नाते जोडले जाते. अंग मोडून टाकणारा, माणूस कोसळवणारा आजार. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात ह्या व्याधीचे वर्णन केले आहे. पोर्तुगिजांच्या तोंडी मोडशीचे ‘मोर्देशिम’ झाले, आणि फ्रेंचांनी त्याचे ‘मोर द शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे करून टाकले. शब्द चुकला होता. अनुभव मात्र चुकलेला नव्हता.

(३) १८१७ च्या ऑगस्टात बंगालमधल्या जेसोरला पटकीचा मोठा उद्रेक झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात तळ ठोकून असलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेत ती शिरली. पेंढाऱ्यांविरुद्धची मोहीम आणि मराठ्यांशी अखेरचे युद्ध चालू असल्याने फौजा, बाजारबुणगे, बैलांचे तांडे सतत फिरत होते. त्यांच्याबरोबर आजारही फिरला. १८१८ साली तो नागपुरात, दख्खनेत, पंढरपुरात पोहोचला आणि ऑगस्टात पनवेलमार्गे मुंबईत उतरला.

(४) वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहाने ते कंपनीच्या कारभाराखाली आले. राज्यकर्ते बदलले, पाण्याच्या वाटा बदलल्या नाहीत. पावसाळ्यात विहिरीत वाहून येणारे गढूळ पाणी आणि उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत खणलेले झिरे, ह्यांवरच गावे जगत. यात्रेहून परतणारा एक आजारी माणूस आणि गावची एकच विहीर, एवढे पटकीला पुरे होई. गावकऱ्यांनी शिवेवर मरीआईची स्थापना केली, तिचा गाडा पुढच्या गावाच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडला. आजार एका गावाहून दुसऱ्या गावाला ‘जातो’, हे निरीक्षण त्या रिवाजात होते. तो कशातून जातो, हे कळलेले नव्हते.

(५) एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वऱ्हाडावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट जवळजवळ दीड लाखाची घट. त्या घटीला केवळ उपासमार कारण नव्हती. आटलेल्या विहिरी, एकाच डबक्यावर लोटलेली माणसे आणि गुरे, आणि त्यातून उठलेली पटकी, हगवण, ताप ह्यांचा त्यात मोठा वाटा होता.

(६) उपचार काय होते? सरकारी डॉक्टर पाऱ्याचे कॅलोमेल आणि अफूचा अर्क देत. शतकाच्या पूर्वार्धात तर शिरा उघडून रक्त काढत. घरोघरी समजूत अशी, की पाणी दिले तर उलटी वाढते. म्हणून तहानेने तडफडणाऱ्या माणसाचे पाणी तोडत. ज्याच्या शरीरातून दिवसाला दहा-वीस लिटरपर्यंत पाणी निघून जाऊ शकते, त्याला घोटभर पाणीही नाकारले जाई. हे क्रौर्य नव्हते. आजाराचे ठिकाण चुकीचे धरले, की दयाळू हातही चुकीचेच काम करतो.

(७) योग्य दिशेने एक पाऊल फार लवकर पडले होते. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ येथे टॉमस लॅटा ह्या डॉक्टरने मरणासन्न पटकीरुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी भरले, आणि काही जण अक्षरशः उठून बसले. पण पाणी निर्जंतुक नव्हते, प्रमाण ठरलेले नव्हते, आणि पाणी एकदा देऊन भागत नाही हेही उमगले नव्हते. पद्धत विस्मरणात गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स ह्यांनी ती शास्त्रशुद्ध रीतीने पुन्हा वापरली आणि मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले.

(८) कारणाचा शोध निराळ्या वाटेने चालला होता. १८५४ मध्ये लंडनला जॉन स्नो ह्याने ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी ह्याने मृतांच्या आतड्यांत स्वल्पविरामासारखे वाकडे जिवाणू पाहिले. कोणी लक्ष दिले नाही. १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉख ह्याने इजिप्तमध्ये आणि मग कलकत्त्यात तेच जिवाणू वेगळे करून वाढवले. देवी, हवा, पाणी, जिवाणू असा गुन्हेगाराचा माग हळूहळू अरुंद होत गेला.

(९) कॉखने आणखी एक तर्क केला होता : हे जिवाणू रक्तात शिरत नाहीत, आतड्यातच राहतात, म्हणजे ते एखादे विष सोडत असले पाहिजेत. तर्क बरोबर होता. पण पुढची सुमारे पंच्याहत्तर वर्षे ते विष हाती लागले नाही. संशोधक जिवाणूंचा अर्क प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत टोचत. प्राणी आजारी पडत, मरत; पण त्यांना पटकी होत नसे. विष चुकीच्या दाराने आत घातले जात होते.

(१०) येथे मुंबईच्या परळचा संबंध येतो. प्लेगच्या साथीत १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या वाल्देमार हाफकिन ह्यांची प्रयोगशाळा १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये होती. १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. हाफकिन ह्यांनी प्लेगच्या लसीआधी पटकीची लस तयार केली होती आणि १८९३ पासून भारतात ती टोचली होती, हे पुष्कळदा विसरले जाते. ह्याच संस्थेत १९५० च्या दशकात एन. के. दत्ता आणि त्यांचे सहकारी पटकीवर काम करत होते.

(११) १९५५ मध्ये दत्ता आणि हब्बू ह्यांनी दाखवून दिले, की सशाच्या अगदी लहान पिल्लांना पटकी होऊ शकते. मोठा ससा दाद देत नाही; पिल्लू देते. प्रयोगासाठी योग्य प्राणी आणि योग्य दार सापडले. मग १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी ह्या तिघांनी जिवंत जिवाणू नसलेला केवळ अर्क पिल्लांच्या पोटात दिला, आणि त्यांना पटकीसारखाच जुलाब झाला. जिवाणू हजर नसताना आजार हजर झाला होता. म्हणजे काम करत होते ते विष.

(१२) त्याच १९५९ साली, काही महिने आधी, कलकत्त्यात शंभुनाथ डे ह्यांनी हेच सिद्ध केले होते. मोठ्या सशाच्या आतड्याचा एक वेढा दोन्हीकडून बांधायचा, आणि त्यात जिवाणूंचे पेशीविरहित गाळलेले द्रव सोडायचे. वेढा पाण्याने टम्म फुगला. कलकत्ता आणि परळ येथल्या दोन्ही कामांत उपकरणे साधी होती आणि प्रश्न अचूक होता. डे ह्यांना नोबेल मिळावे असे जोशुआ लेडरबर्ग ह्यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला वाटत होते. ते मिळाले नाही. पानसे, कुलकर्णी, हब्बू ही नावे तर महाराष्ट्रातही क्वचितच कोणाला ठाऊक असतात.

(१३) ह्याच सुमारास आणखी एक धक्का बसला. पटकीत आतड्याचे अस्तर सोलवटून निघते, म्हणून पाणी झिरपते, असे एकोणिसाव्या शतकापासून मानले जाई. १९६० साली बँकॉकमध्ये जिवंत रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले गेले. अस्तर शाबूत होते. पेशी जागच्या जागी, धडधाकट. घर कोसळलेले नव्हते. घरातला कोणता तरी नळ उघडा राहिला होता. तो नळ कोणता आणि तो बंद का होत नाही, एवढाच प्रश्न आता उरला.

(१४) उत्तराकडे नेणारे धागे पटकीशी काही संबंध नसलेल्या प्रयोगशाळांतून आले. अर्ल सदरलँड ह्यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत शोधून काढले, की बरेचसे संप्रेरक पेशीच्या आत शिरतच नाहीत. ते दारावर थाप देतात, आणि आत ‘चक्रीय एएमपी’ नावाचा छोटा रेणू तयार होऊन निरोप पुढे नेतो. ह्या कामाला १९७१ चे नोबेल मिळाले. १९६८ च्या सुमारास मायकेल फील्ड ह्यांनी दाखवले, की सशाच्या आतड्यात चक्रीय एएमपी वाढवला, तर क्षार आणि पाणी बाहेर पडू लागते. पटकीच्या विषानेही हाच निरोप्या बेसुमार वाढतो, हे लवकरच स्पष्ट झाले.

(१५) पण दारावरची थाप आणि आतला निरोप्या ह्यांच्यामध्ये कोण असते? १९७१ मध्ये मार्टिन रॉडबेल ह्यांनी दाखवले, की मध्ये जीटीपी, म्हणजे ग्वानोसिन ट्रायफॉस्फेट, हा न्यूक्लिओटाइड लागतो. तो ज्या प्रथिनाला चिकटतो, ते प्रथिन १९८० पर्यंत आल्फ्रेड गिलमन ह्यांच्या प्रयोगशाळेत वेगळे करण्यात आले. ग्वानिनच्या न्यूक्लिओटाइडला धरणारे, म्हणून नाव जी-प्रथिन. गिलमन आणि रॉडबेल ह्यांना १९९४ चे नोबेल मिळाले. आतड्यातल्या आपल्या गोष्टीत जे जी-प्रथिन आहे, त्याला जी-एस म्हणतात. निरोप्याचे उत्पादन ‘सुरू’ करणारे ते.

(१६) जी-प्रथिनाचे तीन भाग असतात : आल्फा, बीटा, गॅमा. मुख्य काम आल्फाचे. त्याची घडण शिंपल्यासारखी समजावी : दोन अर्धुके, मध्ये एक खाच, आणि खाचेत न्यूक्लिओटाइड. विश्रांतीच्या वेळी त्या खाचेत जीडीपी असतो. (अर्थशास्त्रातला नव्हे, दोन फॉस्फेट असलेला ग्वानोसिन डायफॉस्फेट.) जीडीपी आत असताना आल्फा बीटा-गॅमाला बिलगून गप्प बसतो. कडी लावलेली असते.

(१७) बाहेरून संप्रेरकाची थाप पडली, की पेशीच्या पडद्यातला ग्राही वाकतो आणि आल्फाला आतून ढकलतो. शिंपला उघडतो, जीडीपी निसटतो, खाच क्षणभर रिकामी होते. पेशीत जीडीपीपेक्षा जीटीपी कितीतरी अधिक असल्याने रिकाम्या जागेत जीटीपी शिरतो. २०११ मध्ये ब्रायन कोबिल्का ह्यांच्या गटाने ग्राही आणि जी-एस एकत्र असतानाची स्फटिकरचना मिळवली, तेव्हा हा उघडलेला शिंपला साक्षात दिसला : एक अर्धुक दुसऱ्यापासून दूर फिरलेले होते.

(१८) जीटीपीमध्ये जीडीपीपेक्षा एकच फॉस्फेट जास्त. पण त्या तिसऱ्या फॉस्फेटभोवती प्रथिनाचे लवचिक पट्टे, ज्यांना ‘स्विच’ म्हणतात, मॅग्नेशियमच्या आधाराने आवळून बसतात. आकार बदलतो, बीटा-गॅमाशी पकड सुटते, आणि मोकळा झालेला आल्फा चक्रीय एएमपी बनवणाऱ्या विकराला जाऊन चिकटतो. कडी निघाली, नळ सुरू. १९९३ पासून मिळू लागलेल्या स्फटिकरचनांनी हे पट्टे कुठे ढिले असतात आणि कुठे आवळतात, ते अणूअणूनिशी दाखवले.

(१९) हा नळ बंद कोण करते? दुसरे कोणी नाही, आल्फा स्वतःच. तो जीटीपीचे तिसरे फॉस्फेट पाण्याच्या एका रेणूच्या साहाय्याने तोडतो. जीटीपीचा जीडीपी होतो, पट्टे ढिले पडतात, कडी पुन्हा लागते. ह्याला काही सेकंद लागतात. ह्या तोडणीत दोन अमिनो आम्लांचा हात मोलाचा : २०१ व्या स्थानावरचे आर्जिनिन आणि २२७ व्या स्थानावरचे ग्लुटामिन. आर्जिनिनचे धनभारित टोक फॉस्फेट तुटत असतानाचा ताण सावरून धरते. ग्लुटामिन पाण्याच्या रेणूला योग्य जागी उभे करते.

(२०) आता पटकीचे विष काय करते ते पाहावे. ह्या विषाचे पाच ‘बी’ घटक कड्यासारखे जुळून आतड्याच्या पेशीला चिकटतात आणि एक ‘ए’ घटक आत पोहोचवतात. हा ‘ए’ घटक स्वतः विकर आहे. पेशीतल्याच एनएडी ह्या रेणूतून तो एडीपी-रायबोज नावाचा भाग तोडतो आणि जी-एसच्या त्याच २०१ व्या आर्जिनिनवर नेऊन चिकटवतो. जेरुसलेमच्या कॅसल आणि झेलिंगर ह्यांनी १९७७ मध्ये दाखवले, की विषामुळे जीटीपी तुटणे थांबते. एडीपी-रायबोज जी-एसवरच चिकटते, हे पुढच्या वर्षभरात सिद्ध झाले.

(२१) म्हणजे एवढेच घडते : एका हाताच्या बोटाला कापड गुंडाळले जाते. प्रथिन मोडत नाही, जीटीपी धरण्याची त्याची ताकद जात नाही. फक्त तो तोडता येत नाही. कडी उघडीच अडकते. चक्रीय एएमपी वाढत राहतो, पेशीच्या आतड्याकडील बाजूची क्लोराइडची वाट उघडी राहते, क्लोराइडमागे सोडियम आणि त्यांच्यामागे पाणी. भाताच्या पेजेसारखे ते पाणी तासाला लिटरभरही जाऊ शकते. वऱ्हाडातला धडधाकट माणूस दिवसभरात सुकत होता तो ह्यामुळे.

(२२) तेच स्थान दुसऱ्या एका आजारातही सापडले. १९९१ मध्ये मॅक्यून-अल्ब्राइट नावाच्या दुर्मीळ विकाराचे मूळ उलगडले. त्यात हाडे ठिसूळ होतात, त्वचेवर तपकिरी डाग पडतात, मुलींना फार लवकर पाळी येते. रुग्णांच्या काही पेशींत जी-एसच्या २०१ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी दुसरेच अमिनो आम्ल होते. विष नाही, जिवाणू नाही. जनुकातला एक फरक. परिणाम मात्र तोच : जीटीपी तुटत नाही, कडी उघडी राहते. विकासाच्या काळात ज्या अवयवांत तो फरक पोहोचला, तेवढे अवयव थांबायचे विसरतात.

(२३) उलट बाजूचे उदाहरण डांग्या खोकल्याचे. त्याचे विषही एडीपी-रायबोजच चिकटवते; पण जी-आय ह्या दुसऱ्या जी-प्रथिनाच्या शेपटीकडच्या सिस्टीन ह्या अमिनो आम्लावर. तेथे ग्राहीचा स्पर्शच अडतो, जीडीपी निसटत नाही, आणि कडी बंदच अडकते. एकच रासायनिक ठिगळ; एका जागी लावले तर दार मिटत नाही, दुसऱ्या जागी लावले तर उघडत नाही. प्रथिनात काय बदलले, ह्याइतकेच ते कोठे बदलले, हे महत्त्वाचे ठरते.

(२४) न्यूक्लिओटाइड नुसता निरोप देत नाही. तो प्रथिनाला सावरूनही धरतो. खाच रिकामी असेल, तर आल्फा ढिला पडतो आणि उष्णतेने लवकर बिघडतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन मुलांची विलक्षण हकीकत आली. त्यांना एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टी झाल्या होत्या : वृषणांची अकाली वाढ, आणि इतर अवयवांत संप्रेरकांना प्रतिसादच नाही. एकीकडे जी-एस अति चालू, दुसरीकडे जवळपास बंद. दोष एकच, ३६६ व्या स्थानी अॅलॅनिनच्या जागी सेरिन.

(२५) उलगडा असा झाला. त्या बदलाने जीडीपीवरची पकड सैल झाली होती. थाप न पडताही तो निसटे. रिकाम्या खाचेत जीटीपी शिरला तर कडी निघे. पण रिकामे असलेले प्रथिन ३७ अंशांना टिकत नसे. ते बिघडून नाहीसे होई. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा काही अंश कमी. तेथे तेच प्रथिन टिकले आणि अखंड चालू राहिले. दोन-चार अंशांच्या फरकाने एकाच बदलाचे दोन आजार झाले. पकड आणि टिकाऊपणा ह्या दोन गोष्टी किती जवळून बांधलेल्या आहेत, ह्याचा एवढा स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

(२६) पटकीकडे परतताना प्रश्न राहतो : अडकलेली कडी सोडवायची कशी? उत्तर आहे, सोडवावीच लागत नाही. आतड्याच्या अस्तराच्या पेशी काही दिवसांतच गळून नव्या येतात, आणि ठिगळ लागलेले जी-प्रथिन त्यांच्याबरोबर जाते. दरम्यान जिवाणूही धुपून जातात. प्रतिजैविक दिल्यास अधिक लवकर. म्हणजे रुग्णाला फक्त तेवढे दिवस जगवायचे असते. जितके पाणी आणि क्षार जातात, तितके परत द्यायचे. पाणी तोडणे हाच सर्वांत घातक उपचार होता.

(२७) परत द्यायला दारही उपलब्ध होते. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन ह्यांनी मांडले, की आतड्याच्या पेशीत साखर आणि सोडियम एका वाटेने जोडीने आत येतात. ही वाट जी-एसच्या कडीवर अवलंबून नाही. पटकीतही ती चालू राहते. नुसते पाणी दिले तर टिकत नाही, नुसते मीठही नाही. ग्लुकोज आणि मीठ योग्य प्रमाणात दिले, की दोघे आत जातात आणि पाण्याला ओढून नेतात. एका दाराने घर रिकामे होत असताना दुसऱ्या दाराने ते भरता येते.

(२८) ढाका आणि कलकत्ता येथे १९६० च्या दशकात हे रुग्णांवर सिद्ध झाले. मग १९७१ आले. बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित बनगावच्या छावण्यांत लोटले, पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत कालवून, नातेवाइकांच्या हाती पेले देऊन, रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉक्टरच्या सुईचे काम आईच्या वाटी-चमच्याने केले.

(२९) तेच द्रावण महाराष्ट्रात जलसंजीवनी ह्या नावाने घरोघरी गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पुडी हाताशी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. गंभीर रुग्णाला दवाखान्यात नेऊन शिरेतून सलाइन द्यावेच लागते. पण वाटेतही पाजणे थांबवायचे नसते.

(३०) हा इतिहास संपलेला नाही. २०२२ च्या जुलैत शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, पाचडोंगरी आणि कोयलारी ह्या गावांत, दूषित पाण्यातून पटकी उद्भवली आणि माणसे दगावली. तेव्हा विषाची रचना ठाऊक होती, प्रथिनाची रचना ठाऊक होती, २०१ वे आर्जिनिनही ठाऊक होते. विहिरीचे पाणी मात्र स्वच्छ नव्हते. जी-प्रथिनाचे ज्ञान आजार कसा मारतो ते सांगते. आजार गावात का येतो, ह्याचे उत्तर स्नोने १८५४ मध्येच दिले होते.

(३१) कामरगावासारख्या वऱ्हाडी गावात आज आशा सेविकेच्या पिशवीत जलसंजीवनीच्या पुड्या असतात. त्या पुडीत गोव्याच्या वैद्याचे निरीक्षण आहे, लीथच्या डॉक्टरचा फसलेला प्रयोग आहे, कलकत्त्याचा बांधलेला वेढा आणि परळच्या सशाची पिल्ले आहेत, जेरुसलेमचे मापन आहे, बनगावची पिंपे आहेत. पुडी विहिरीचे पाणी स्वच्छ करत नाही आणि अडकलेली कडीही सोडवत नाही. ती माणसाला काही दिवस तगवते, आणि तेवढ्यात आतडे नव्या पेशी, नव्या कड्या घडवते. १९०० सालच्या वऱ्हाडाला एवढेच काही दिवस मिळाले नव्हते.